कादंबरीत नसलेलं पत्र

मला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. हुंडा, दुसऱ्या जातीतलं लग्न, बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा, लग्नानंतर बाईनं नोकरी करावी की नाही, आणि केली तर पगार कोणाच्या हातात द्यावा. वर्गात बाईंनी "यावर कोणाला बोलायचंय?" म्हणायचा अवकाश, माझा हात वर. मागच्या बाकावरची पोरं कुजबुजायची, सुरू झाल्या बातम्या. मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. शहापूरच्या कॉलेजात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, मराठी घेऊन. सापगावच्या पुढे, आत, आमचं गाव. तिथून त्या वर्षी कॉलेजला जाणारी मुलगी मी एकटीच, कारण माझ्यासोबतच्या दोघींची लग्नं दुसऱ्या वर्षातच उरकली होती.

घरात मात्र मी तोंड उघडायची नाही. आबांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, मत वगैरे भानगडच नव्हती. आबा ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेवर पंप चालवायचे. सकाळ-संध्याकाळ मोटर चालू करायची, टाकी भरली की एकेका आळीचा वॉल्व सोडायचा आणि रजिस्टरात वेळ लिहायची, एवढं त्यांचं काम. गावातल्या बायका हंडे घेऊन त्यांच्या वेळेला उभ्या राहायच्या आणि घरातली आम्ही माणसंही त्यांच्याच वेळेवर चालायचो. ते ओरडायचे नाहीत. "नाय" म्हणायचे, तेही एकदाच, आणि विषय मिटायचा.

माझ्या शिक्षणाचा घराला आणि आळीला एकच उपयोग होता. आमच्या समाजाचा मोबाइलवर लग्नाचा ग्रुप आहे, त्यात मुलामुलींचे बायोडाटा पडतात. आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या मुलींचे बायोडाटा मी लिहिलेले. कुणाची तरी आई यायची, ओटीवर टेकायची आणि म्हणायची, बाय, जरा चांगल्या भाषेत लिव गो. मी लिहायची. गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ, शेतीकामाची आवड. जी पोरगी भातलावणीच्या दिवसांत पोट दुखतं म्हणून घरात झोपून राहते, तिलाही शेतीकामाची आवड. आधी दोनशे पानी वहीत कच्चं लिहायचं, मग मोबाइलवर टाइप करायचं. ती वही आळीत हातोहात फिरायची, कारण एकीचा बायोडाटा आवडला की दुसरीची आई म्हणायची, आमचा पण असाच कर. त्याच वहीच्या मागच्या बाजूनं मी कॉलेजचं लिहायची. दुसरी वही कशाला घ्यायची, एवढी पानं कोरी पडलीत की! माझं चुकलं ते इथं.

त्या वर्षी बाईंनी एक कादंबरी शिकवायला घेतली. गोष्ट साधीच. खेड्यातली एक थोरली मुलगी शिकून मास्तरीण होते. लांबच्या तालुक्यातल्या शाळेवर तिची नेमणूक होते. ती निघते त्याच दिवशी, ट्रंक भरून दारात ठेवलेली असताना, बाप अंथरूण धरतो. तिला थांब असं कोणीच म्हणत नाही. ती आपली आपण ट्रंक उचलते आणि परत आत नेऊन ठेवते. मग भावांची शिक्षणं, भावांची लग्नं, बापाचं दुखणं, बापाचं मरण. शेवटच्या पानावर ती पिकलेल्या केसांनी चुलीपुढं बसलेली असते आणि सुना बाहेर आपापसात बोलत असतात.

ह्यावर वर्गात तीन तास भांडण चाललं. एक मुलगा म्हणाला, याला त्याग म्हणतात, आपल्या घरात बाया असतात म्हणून घरं टिकतात. उंबरमाळीकडच्या डोंगरातल्या वाडीवरून येणारी एक आदिवासी मुलगी होती, तिला तर हे भांडणच समजेना. आमच्यात नवरा पटला नाय तर बाई सोडून येते, नोकरीला जायला कोण अडवतंय, ती म्हणाली. सगळे हसले, ती ओशाळली. मला त्या हसण्याचा असा संताप आला की मी उभीच राहिले. म्हणाले, हा त्याग नाही, भित्रेपणा आहे. बाप आजारी पडला म्हणून ती थांबली नाही, ती थांबायला निमित्तच शोधत होती.

बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "तू गेली असतीस?"

"हो," मी म्हणाले. इतक्या ताठ मानेनं मी आयुष्यात पुन्हा काही बोललेले नाही.

बाईंनी त्यावरूनच प्रकल्प दिला. ती मास्तरीण निघून गेली असती, तर तिनं बापासाठी काय लिहून ठेवलं असतं? ते पत्र लिहा, आणि पत्राखाली मुलीच्या आयुष्यावर पहिला हक्क कोणाचा, यावर तुमचं मत लिहा. मी पडवीत बसून एका बैठकीत पत्र लिहिलं. कादंबरीतलं घर मला दिसत नव्हतं, म्हणून मी माझंच घर घातलं. मजकूर मला अजून पाठ आहे. "आबा, मी जाते. मला शोधायला येऊ नका. तुम्ही वाईट नाही, पण तुमच्या घरात राहिले तर मी वाईट होईन. आईच्या गुडघ्याला रोज तेल चोळा, ती स्वतःहून सांगणार नाही. तांबडी गाय पंधरा दिवसांत व्यायची आहे. लोक विचारतील तेव्हा सांगा, मुलगी मोठी झाली होती, स्वतःच्या पायांनी गेली." लिहून झाल्यावर मला रडू आलं. स्वतःच्याच लिखाणावर रडणं म्हणजे काय मूर्खपणा, पण आलं खरं.

पुढच्या रविवारी मी आणि आई शेतावर गेलो होतो. राब भाजायचे दिवस होते. पावसाआधी जिथं भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचं असतं, त्यासाठी आम्ही रानातून पाला गोळा करत होतो. इकडे काकी घरी आली. तिच्या मुलीच्या बायोडाट्यात उंची चुकली होती, ती बघायला तिनं फळीवरची वही घेतली आणि उघडली नेमकी मागून. काकी चौथी शिकलेली. ती मनात वाचत नाही, एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचते. म्हणजे तिनं वाचलं तेव्हा अर्ध्या आळीनं ऐकलं.

आम्ही डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन आलो, तेव्हा आमच्या ओटीवर सात-आठ बायका बसल्या होत्या. दोघी रडत होत्या. मला वाटलं, कोणी गेलं. मला बघून त्या अशा दचकल्या, काय सांगू. मी पळून गेले म्हणून रडणाऱ्या बायकांनीच उठून माझा भारा उतरवायला हात दिला. आईला काहीच कळेना, ती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. काकी म्हणाली, "ही तर हितंच हाय." तिला थोडं वाईटच वाटलं असावं.

आबा सापगावच्या नाक्यावर मला शोधायला गेले होते. तिथून आटगाव स्टेशनावर जाऊन फलाट बघून आले. मोटरसायकल लावली, पाय धुतले, बायकांना जा म्हणाले. मग वही माझ्यासमोर धरली. पत्राचं पान त्यांनी अंगठ्यानं दाबून धरलं होतं.

"हे कोणी लिवलं?"

इथं मी खरं बोलले असते तर? कॉलेजचा अभ्यास आहे, बाईंनी लिहायला सांगितलं, मी लिहिलं. एवढंच होतं. पण 'मी लिहिलं' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. ज्या मुलीला सगळ्यावर मत होतं ती म्हणाली, "पुस्तकातलं हाय. उतरून काढलंय."

आबांनी वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "दे पुस्तक. मी वाचतो." आणि मग म्हणाले की त्यांचं वाचून होईपर्यंत कॉलेज नाही. मोबाइलही त्यांनी घेतला.

आता ह्या घोळाची मजा बघा. पुस्तक तीनशेच्या वर पानांचं. आबा सातवी शिकलेले. त्यांनी जन्मात पंचांग, पंपाचं रजिस्टर आणि लग्नपत्रिका सोडून काही वाचलेलं नव्हतं. आणि पुस्तकात ते पत्र कुठंच नव्हतं, कारण ती मास्तरीण कधी गेलीच नव्हती. म्हणजे आबा जितकं पुढं वाचतील तितकी मी खोटी ठरणार, आणि वाचलं नाही तर मी घरातच. परीक्षेला दोन महिने होते. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा झाली की बी.एड.चा फॉर्म आणून देईन, असं बाईंनी मला आपणहून सांगितलं होतं. आणि दिवाळीत मामानं मुरबाडचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा तिथल्याच एका कंपनीत कामाला, घर स्वतःचं. तेव्हा आबा म्हणाले होते, परीक्षा होऊ दे, मग बघू. पत्रानंतर मामाचे फोन रोज येऊ लागले आणि आबा फोन घेऊन अंगणात जाऊ लागले.

आबा पंपाच्या खोलीत वाचायचे. टाकी भरायला दोन तास लागतात, तेवढ्या वेळात त्यांची दहा-बारा पानं व्हायची. आईचा चष्मा लावून, विजेचं जुनं बिल दुमडून खूण ठेवून. मी रोज संध्याकाळी ते बिल कुठपर्यंत सरकलं ते बघायची. कॉलेज दिसत नव्हतं, मैत्रीण दिसत नव्हती, माझा सगळा दिवस म्हणजे त्या बिलाची हालचाल. सकाळी शेण, दुपारी पाला, संध्याकाळी भाकऱ्या. घराबाहेर पाऊल टाकलं की आळीतली कोणी ना कोणी विचारायची, कुठं चाललीस गो? आधी कोणी विचारत नव्हतं. मी नळावर गेले तरी दोन डोळे मागं. सापगावची माझी मैत्रीण एकदा नोट्स घेऊन आली, तर आईनं तिला ओटीवरच चहा दिला आणि आमच्या दोघींमध्ये बसून राहिली. ती गेल्यावर मी आईवर ओरडले. आई म्हणाली, मला काय हौस हाय? आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

एकदा बाईंचा फोन आला. आबांनी माझ्यासमोरच घेतला. मुलगी आजारी आहे म्हणाले. मी समोर धडधाकट उभी. मग त्यांनी मला कागद आणायला लावला आणि आजारपणाचा अर्ज, आजाराचं नाव न घालता, माझ्याच अक्षरात लिहून घेतला. खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शहापूरला जाऊन देऊन आले. मला कुठला आजार झाला होता हे मला तेवढं विचारायचं होतं.

पण खरं सांगायचं तर एक गंमतही होत होती, आणि ती गंमत मला आवडत होती, ह्याचाच मला जास्त राग यायचा. आबा जेवताना पुस्तकावर बोलायला लागले. आईला सांगायचे, तो मधला भाऊ नालायक हाय, बहिणीच्या जीवावर शिकला आणि तिला एक लुगडं नाय घेतलं. आई विचारायची, मंग ती बोलली नाय काय त्याला? आबा म्हणायचे, बोलली असती तर पुस्तक कशाला झालं असतं. मी भाकरीत तोंड घालून ऐकायची. माझ्या घरात, माझ्या आबांच्या तोंडून, तीच चर्चा चालली होती जी मी वर्गात तीन तास केली, आणि मला त्यात एक शब्द बोलायची सोय नव्हती. मी पुस्तकातलं उतरून काढणारी होते ना! मला मत कसलं?

तिसऱ्या आठवड्यात बिल पार शेवटाकडं गेलं. तीस-पस्तीस पानं उरली असतील. मग माझ्या डोक्यात आलं की शेवटची पानं फाडून टाकावीत. म्हणजे सांगता येईल, पत्र त्या पानांवर होतं, लायब्ररीचं जुनं पुस्तक, कोणीतरी फाडली असतील. कॉलेजचं पुस्तक फाडायचं! एरवी कोणी पानाचा कोपरा दुमडला तरी मी भांडायची. पण माणूस अडकला की त्याला काहीही सुचतं. आबांचा डबा द्यायच्या निमित्तानं मी पंपाच्या खोलीवर गेले. आबा खालच्या आळीचा वॉल्व सोडायला गेले होते. मोटर घरघरत होती. पुस्तक स्टुलावर होतं.

उघडलं, आणि बघते तर पानापानावर कडेला पेनानं लिहिलेलं. रजिस्टरात लिहितात त्याच अक्षरात, एकेक शब्द. बरोबर. खोटं. बापाची चूक. भावाची चूक. एका ठिकाणी नुसतीच वेळ लिहिलेली, सवयीनं. मी मागची पानं उलटत गेले, जिथं ती ट्रंक परत आत नेते तिथपर्यंत. तिथं आबांनी ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या आणि कडेला लिहिलं होतं, जायला पायजे होतं.

मी ते किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. म्हणजे आबांचं आणि माझं मत एकच होतं! पूर्ण वर्गात माझ्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं, आणि हा माणूस पंपाच्या खोलीत बसून माझ्या बाजूनं रेघा मारत होता. पानं फाडायचं मी विसरलेच. डबा ठेवला आणि घरी आले. त्या दिवशी आई म्हणाली, आज भाकऱ्या बऱ्या फुगल्यात.

तीन दिवसांनी, दुपारी, आबा पुस्तक घेऊन ओटीवर आले. मला बोलावलं. आई दाराशी येऊन उभी राहिली.

"पत्र नाय ह्यात," आबा म्हणाले.

मी म्हणाले, नाही. ते मी लिहिलं. बाईंनी लिहायला दिलं होतं, पण शब्द माझे आहेत. आता मला हे बोलायला भीती वाटली नाही, कारण मला वाटत होतं मी जिंकले आहे.

"मला पयल्याच दिवशी समजलं," आबा म्हणाले. "ती बापाला अण्णा म्हणते. तू आबा लिवलंस."

पुस्तक मी तीन वेळा वाचलेलं. परीक्षेसाठी त्यातले उतारे पाठ केलेले. आणि बाप म्हटल्यावर माझ्या पेनातून आबाच उतरले होते, ते मला एकदाही खटकलं नव्हतं. मी विचारलं, मग तुम्ही पुढं का वाचलंत? ते म्हणाले, ती जाते का नाय ते बघायचं होतं. मग म्हणाले, तिनं जायला पाहिजे होतं, फुकट गेली बिचारी. त्यांचे डोळे भरले होते. खरंच भरले होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितले.

मी म्हणाले, "मग मी उद्यापासून कॉलेजला जाऊ?"

आबांनी पुस्तक बाजूला ठेवलं.

"तिचा बाप मी नाय, बाय," ते म्हणाले. "तुझा हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते सगळं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. परीक्षेला मी बसायचं, ते स्वतः सोडतील आणि स्वतः आणतील. मुरबाडला त्यांनी होकार कळवला होता, सुपारी पुढच्या आठवड्यात. पत्राचा आळीत बोभाटा झालाय, तो आळीतून मुरबाडला पोचायच्या आत हे झालं पाहिजे. मी खूप बोलले त्या दिवशी. हक्क, कायदा, माझं वय, सगळं काढलं. वर्गात शिकलेलं एक वाक्य सोडलं नाही. शेवटी मी म्हणाले की तुमच्यात आणि तिच्या अण्णांत काही फरक नाही. मला वाटलं ते मारतील. ते म्हणाले, नसंल. आणि वॉल्व सोडायची वेळ झाली म्हणून उठले.

आईकडं वळले तर आई आत निघून गेली होती. नंतर ती एवढंच म्हणाली, माझ्या बापानं मला पण परीक्षेला बसवली असती तर मी बसली असती. तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. मला कोणाशीच बोलायचं नव्हतं.

परीक्षेचे चारही दिवस आबांनी मला मोटरसायकलवर नेलं. पंपाला बदली माणूस लावून ते कॉलेजच्या गेटसमोर, चहाच्या टपरीच्या बाकड्यावर तीन-तीन तास बसून राहायचे. माझा नंबर खिडकीशी आला होता. मान वळवली की ते दिसायचे. प्रकल्प मी चार कागदांवर करून दिला होता, पत्राच्या जागी कादंबरीचा सारांश लिहून. बाईंनी तो घेतला, माझ्याकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार.

शेवटचा पेपर कादंबरीचा. पहिलाच प्रश्न वीस मार्कांचा. नायिकेने घरी राहण्याचा घेतलेला निर्णय योग्य की अयोग्य, तुमचे मत सकारण लिहा.

ह्याच प्रश्नासाठी मी दोन महिने भांडत आले होते. वर्गात, मनात, भाकऱ्या थापताना. माझ्याकडं मुद्दे तयार होते, क्रमानं, दाखल्यांसकट. आजूबाजूच्या मुली माना खाली घालून भराभरा लिहायला लागल्या. मी पेन टेकवलं आणि 'अयोग्य' ह्या शब्दाचा 'अ' काढला. तिथंच हात थांबला. तिचं चुकलं असं मी कारणांसकट लिहिलं असतं, तर लिहून झाल्यावर मी काय करायचं? मागच्या गेटनं बाहेर पडून स्टँड गाठायचं? मागचं गेट उघडं होतं. तिथून मुली शेंगदाणे आणायला जायच्या. माझ्या पर्समध्ये आटगावपर्यंत जायला पुरतील एवढे पैसेही होते. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. बाकड्यावर बसलेला माणूस तर टपरीवरचं वर्तमानपत्र वाचत होता.

मी तो 'अ' खोडला. आणि लिहिलं, की तिचा निर्णय योग्य होता. पाच कारणं दिली. वर्गातल्या त्या मुलाची सगळी वाक्यं मला पाठ होती, तीच चांगल्या भाषेत मांडली. साडेतीन पानं लिहिली. अक्षर इतकं सुंदर आलं की परीक्षक खूश व्हावा.

बाहेर आले तर आबांनी माझ्यासाठी वडापाव बांधून घेतला होता. त्यांनी विचारलं, काय आला होता प्रश्न? मी सांगितला. मग विचारलं, तू काय लिवलंस?

"राहिली ते बरोबर केलं, असं लिवलं."

आबा गाडीला किल्ली लावताना थांबले. माझ्याकडं असं बघितलं जसं पाढा चुकलेल्या पोराकडं बघतात. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

"असं कशाला लिवलंस गो?" ते म्हणाले. "मार्क जातील ना तुझे."

मी मागं बसले. आबांनी गाडी घराकडं न वळवता किन्हवलीच्या रस्त्यानं पुढं घातली, कारण त्याच दिवशी दुपारी मुरबाडच्या बाजारात माझ्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या आणि तिकडची माणसं दुकानात येऊन बसली होती.